"मिरजेत आहे काय?" असं विचारणाऱ्यांना

आज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला, 'मुंबई सोडायचीय? ही दहा स्वस्त शहरं बघा'. त्यात आमचं सांगली-मिरजही होतं. फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव, महिन्याचं भाडं, एक लिटर दूध, की झालं शहर. लगेच पुढचं. खाली नात्यातल्याच एकाने लिहिलं, "परवडेनासं झालं की माणूस कुठेही जातो. पण मिरजेत आहे काय?" त्याखाली चारपाच जणांनी हसण्याची चित्रं टाकली. ग्रुपवर थोरली माणसं आहेत म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसणार नाही.

हो, आम्ही डोंबिवली सोडून मिरजेला आलो, आणि हो, तिथे परवडत नव्हतं. यात लाज कसली? डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, बिल्डिंगला लिफ्ट नाही, घरात आम्ही चौघं. दर अकरा महिन्यांनी नवा करारनामा, वाढीव भाडं, आणि घर बदलायची वेळ आली तर दलालाचे वेगळे. पगारवाढ झाली की ती घरमालकाकडे जायची. दोघं कमावते, कुणाला कसलं व्यसन नाही, तरी लेकीच्या क्लासची फी भरताना हात आखडायचा. मुंबईच्या आसपास अशी किती घरं आहेत हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्यातली निम्मी तशीच राहतायत. मग त्यातून कुणी बाहेर पडलं तर त्याला हसायचं का?

पण आम्ही निघालो ते नुसत्या भाड्यामुळे नाही. निघालो ते माईंमुळे.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. दोन्ही गुडघे गेलेले. डोंबिवलीत त्या खाली उतरायच्या त्या फक्त डॉक्टरकडे जायला. एका हाताला कठडा, दुसऱ्या हाताला मी, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर दम खायला थांबायचं. मग त्यांनी तेही बंद केलं. "डॉक्टरांना फोनवर विचार आणि गोळ्या आण," म्हणायच्या. पुढे पुढे गणपतीतसुद्धा उतरेनात. जन्मभर स्वतः निवडून भाजी आणलेली बाई. मोबाईलवरून मागवलेली मेथीची जुडी हातात घेऊन उलटसुलट करून बघायच्या आणि काही न बोलता निवडायला बसायच्या. ते बघून माझ्या पोटात तुटायचं.

मिरजेत तळमजल्याचं घर मिळालं. अजून निम्मे खोके उघडायचे होते तेव्हाची गोष्ट. सकाळी बघते तर माई घरात नाहीत. काठी नाही, चपला नाहीत. दोन गल्ल्या धावत बघून आले. लेकीला रडू फुटायचं बाकी राहिलेलं. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन. लक्ष्मी मार्केटातली भाजीवाली बोलत होती. "तुमच्या आजी हितं माझ्यापाशी बसल्यात. च्या दिलाय. रिक्षात बसवून देतो, तुम्ही घाबरू नका." थोड्या वेळाने माई रिक्षातून उतरल्या. पिशवीत मेथी आणि कृष्णाकाठची वांगी. मी बोलायला तोंड उघडलं, त्याआधी त्याच म्हणाल्या, "वीस सांगत होती, पंधराला घेतली."

मी आत जाऊन रडले. हे लिहितानाही भरून येतंय, काय करू.

म्हणून मला त्या व्हिडिओचा राग आला. शहर निवडायचं ते दुधाच्या भावावरून नाही, तुमच्या घरात जे माणूस सगळ्यात कमी बाहेर पडतं त्याच्याकडे बघून. आमच्याकडे ते माणूस माई. तुमच्याकडे कदाचित लहान लेकरू असेल, किंवा आजारी नवरा.

आम्ही सगळी शहरं अशीच तपासली. पुण्याचा विचार दोन दिवसांत सोडला. तेच भाडं, तीच वाहतूक, आणि मुंबईसारखी लोकलही नाही. नाशिक आवडलं होतं, पण मुंबईचे लोक कधीचे तिथे पोचलेत आणि भाव त्यांच्या मागोमाग गेलेत. साताऱ्याची हवा कुणाला नको? पण सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, जावं तिकडे चढ-उतार, माईंना जमणार नाही. सोलापूर सगळ्यात स्वस्त, ह्यांची मावशीही तिथे आहे. पण पाणी काही दिवसांआड, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. छत्रपती संभाजीनगरलाही पाण्याचीच रड. जायकवाडीसारखं धरण जवळ असून नळाला आठवडा आठवडा वाट बघायची, हे त्या शहराने किती वर्षं सोसायचं? बेळगावला मन ओढत होतं, माझं आजोळ तिकडचं. पण लेकीला मधल्याच इयत्तेत शाळेत कन्नड घ्यावी लागली असती, आणि तिच्या वयात तो भार टाकायला जीव झाला नाही. कोल्हापूर तर कोल्हापूरच आहे, त्याबद्दल मी काही वाकडं बोलणार नाही. आमच्या बजेटात मनासारखं तळमजल्याचं घर तिथे मिळालं नाही, एवढंच.

मग मिरज. "आहे काय?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आता नीट वाचा.

मिरजेत दवाखाने आहेत. हो, हसा, सगळे यावरूनच हसतात. इथलं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं. कोकणातून, सोलापूरकडून, विजापूर-बागलकोटकडून लोक पेशंट घेऊन इथे येतात, नातेवाईक स्टेशनाजवळच्या लॉजवर दिवस काढतात. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन राहणाऱ्या सुनेला याची किंमत विचारा. डोंबिवलीत माईंना डॉक्टरकडे न्यायचं तर मला अर्धी सुट्टी टाकावी लागायची. इथे त्या रिक्षाने एकट्या जातात आणि येताना मार्केटात त्या भाजीवालीकडे टेकतात.

मिरजेत जंक्शन आहे. मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की पहाटे मिरज. माझं काम दादरच्या एका सीए फर्मचं, बहुतेक घरूनच चालतं, अधूनमधून जावं लागतं तेव्हा हीच गाडी. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानेने तळमळत होतं तेव्हा पाण्याची रेल्वे कुठून निघाली होती? मिरजेतून. कृष्णेचं पाणी भरून. मुंबईतल्या टीव्हीवर आपण सगळ्यांनी ते बघितलंय, फक्त स्टेशनाचं नाव विसरलोय.

मिरजेत तंबोरे होतात. सतारमेकर गल्लीतून जाताना दुकानात भोपळे टांगलेले दिसतात, कुणीतरी खाली मान घालून तारा लावत असतं. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर इथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं, आणि उरुसात आजही तिथे गाणं होतं. माईंना गाण्यातलं फार कळतं असं नाही. पण पहिल्या वर्षी त्या शेजारच्या काकूंबरोबर जाऊन रात्री उशिरापर्यंत बसल्या. जी बाई जिना उतरत नव्हती ती.

आणि नाटक-बिटक मुंबईतच होतं असं ज्यांना वाटतं, त्यांना सांगते, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये मराठी नाटक उभं केलं ते शेजारच्या सांगलीत. मुंबईत राहून तुम्ही वर्षाला किती नाटकं बघता? मी एकही बघत नव्हते. आठवड्याचे सहा दिवस लोकल आणि सातव्या दिवशी कपडे.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी, नाहीतर उद्या कुणी माझ्या भरवशावर सामान बांधाल. सगळं निम्म्यात मिळतं हे खोटं आहे. गॅस सिलिंडर, तेल, तूरडाळ, मोबाईलचा रिचार्ज, ऑनलाइन मागवलेली वस्तू, सगळ्याचे पैसे जवळजवळ तेवढेच लागतात. पेट्रोल तर जास्तच जळतं, कारण इथे लोकल नाही. एसटीची शहरी बस आहे, वडाप म्हणजे शेअरिंगच्या गाड्या आहेत, पण वेळेवर पोचायचं तर घरात निदान एक स्कूटर लागते. फरक पडतो तो भाड्यात आणि वेळेत. डोंबिवलीच्या त्या वन बीएचकेच्या भाड्यात इथे आम्हाला दोन खोल्या जास्त आणि मागे परस मिळालं. परसात माईंनी अळू लावलंय.

पगार कमी झाला. ह्यांनी इथल्याच कुपवाड एमआयडीसीत नोकरी धरली ती बऱ्याच खालच्या पगारावर. तिशीच्या आतल्या, शिकलेल्या पोरांना इथे मनासारखं काम मिळणं कठीण आहे, हे मान्य. वळिवाच्या पावसात वीज जाते, तेही मान्य.

आणि पूर. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. २०२१ मध्ये पुन्हा आलं. आम्ही घर बघायला मुद्दाम त्यानंतरच आलो. प्रत्येक ठिकाणी आधी विचारायचो, पाण्याची रेघ दाखवा. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवायचे, "हितपर्यंत." काहींच्या बाबतीत तो हात त्यांच्या डोक्यावर जायचा. ती घरं सोडली, आणि मिरजेच्या उंचावरच्या बाजूला घेतलं. ज्यांना सोडता येत नाही ते तिथेच राहतात, दर जुलैत नदीकडे डोळे लावून. पण मुंबईकरांनी पुरावरून मान हलवावी याचा मला राग येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, माणसं गाड्यांमध्ये गुदमरून गेली. ते आपण 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून गोंजारायचं आणि सांगलीवर मात पुराचं शहर म्हणून शिक्का मारायचा?

स्पिरिट. या गोष्टीने माझं डोकं खरंच फिरतं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं खाली पडली. बातमी आली तेव्हा हे कुपवाडला कामावर होते, मला ते पक्कं माहीत होतं. तरी मी फोन लावला. हाताला इतक्या वर्षांची सवय. "अगं, मी इथे आहे," हे म्हणाले, आणि आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. ती माणसं कामावर निघाली होती. त्यांनाही कुठेतरी एखादं परवडणारं शहर हवं असेल.

आता राग दुसऱ्या बाजूला. या व्हिडिओंमुळे इथे दर शनिवार-रविवारी गाड्या येतात. राहायला नाही. "दोन गुंठे घेऊन ठेवू, भाव वाढतील." घेऊन ठेवतात आणि कुलूप लावून जातात. महामार्गाची नुसती बातमी आली की गुंठ्याचा दर उडी मारतो, आणि इथल्या शिक्षकाच्या, कंपाउंडरच्या, हमालाच्या पोराला आपल्याच गावात घर घेता येत नाही. बाहेरून आलेल्यांमुळे भाडी वाढतात आणि त्यात आम्हीही आलो, हे मला कळतं. पण आम्ही इथे नांदतोय, लेक इथल्या शाळेत जाते, ह्यांचा घाम इथल्या कारखान्यात गाळला जातो. कुलपं लावून जाणाऱ्यांशी आमची बरोबरी करू नका. नाशिकचं जे झालं ते मिरजेचं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

लेकीला सुरुवातीला इथे करमत नव्हतं, हेही लिहिते. पहिलं वर्ष ती डोंबिवलीच्या मैत्रिणींशी रात्री उशिरापर्यंत बोलत बसायची. आता सायकलवरून शाळेत जाते, येताना माईंनी सांगितलेलं सामान आणते. भाजीवाली तिला "आजीची नात" म्हणते आणि कढीपत्ता फुकट घालते. मोठी झाल्यावर तिला मुंबईला जायचं असेल तर जाईल, आम्ही अडवणार नाही.

ज्यांना खरंच निघायचंय त्यांनी व्हिडिओ बंद करा आणि जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर इथे येऊन राहा, भर पावसात. उन्हाळ्यात आणि दिवाळीत कुठलंही शहर छान दिसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणा, त्यांना एकट्याने मार्केटपर्यंत जाऊन येऊ द्या, तुम्ही लांबून बघा. घरमालकाला नळाची वेळ विचारा, भिंतीवरची पुराची रेघ विचारा. भाड्याची घासाघीस शेवटी करा, ती होते. दलालांचे नंबर माझ्याकडे मागू नका, मी देणार नाही. बाकी शाळा, दवाखाने, कुठल्या गल्लीत पावसात चिखल होतो, सगळं सांगेन. रविवारी दुपारनंतर मी निवांत असते, तेव्हा फोन करा.