खोडकिड्याने राखलेली सावली

कॉफीच्या बागांमधली मोठी झाडं चाललीत असं कुठे वाचलं की लोक लगेच बागायतदाराला झोडपायला लागतात, पैशासाठी जंगल विकलं वगैरे. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वेळ असेल तर वाचा.

अरेबिका कॉफी मुळात इथिओपियाच्या डोंगरी जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारं झुडूप. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती सावलीतच लावली गेली. पक्षी, मधमाश्या, पालापाचोळा, पाणी धरून ठेवणारी माती हे सगळं त्यासोबत फुकटात आलं. पण ती सावली कुणी पक्ष्यांसाठी ठेवली नव्हती हो, गरज होती म्हणून ठेवली होती!

कर्नाटकातलं कोडगू, चिकमगळूर बघा. वर उंबर, फणस, जांभूळ, मधे पांगारा आणि खाली कॉफी अशी तिथली जुनी बाग. अरेबिकाला पांढरा खोडकिडा लागतो आणि त्याला ऊन भारी आवडतं, उघड्यावरच्या खोडाच्या सालीत मादी अंडी घालते, अळी आत शिरून खोड पोखरते आणि झाड गेलं. मग सावली कोण काढेल? म्हणजे एवढी झाडं बऱ्यापैकी एका किड्याच्या धाकाने टिकली, मला तर याचं हसूच येतं. आता रोबस्टाला (ही कॉफीची दुसरी जात) हा किडा सहसा लागत नाही, तिला ऊनही जास्त चालतं, आणि फेब्रुवारी-मार्चमधे फुलोऱ्याच्या वेळी पाऊस नाही आला तर स्प्रिंकलरवर भागतं. भारतात निघणाऱ्या कॉफीत आज दोन तृतीयांशाहून जास्त रोबस्टाच आहे. धाक संपला, छाटणी वाढली, इतकं साधं आहे ते.

मध्य अमेरिकेत नेमकं उलटं झालं, तिथे रोगाच्या भीतीने सावली काढली. 1970 मधे ब्राझीलमधे तांबेरा (कॉफीच्या पानांवरचा बुरशीचा रोग) सापडला, 1976 मधे निकाराग्वात. सावलीत ओल राहते, ओलीत बुरशी वाढते, म्हणून झाडं काढा, बुटक्या जाती दाट लावा, खत आणि फवारणी करा, हा सल्ला मिळाला आणि त्यासाठी अमेरिकेच्या मदतनिधीतून पैसाही आला. शेतकऱ्याने ऐकलं. पुढे 2012 च्या सुमारास तांबेऱ्याची खरी मोठी साथ आली तेव्हा उन्हातल्या बागाही सुटल्या नाहीत!! सल्ला देणारे तोपर्यंत घरी गेले होते.

व्हिएतनामने तर सावलीच्या भानगडीत न पडता उघड्यावर, पाणी देऊन रोबस्टा घेतली आणि जगात दुसरा नंबर गाठला. हे सगळं धरून जगातल्या कॉफीखालच्या जमिनीत सावलीतल्या कॉफीचा वाटा 1996 मधे साधारण 43 टक्के होता तो 2010 पर्यंत 24 टक्क्यांवर आला.

आणि सावली विरळ झाली तरी निदान बाग तरी असते. भाव पडला की बागच मोडते. 1989 मधे आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोटा पद्धत (कुठल्या देशाने किती कॉफी निर्यात करायची हे ठरवणारी) कोसळली, भाव आपटले, 2001 च्या आसपास परत तेच. अशा वेळी कॉफी उपटून गुरांसाठी कुरण केलं की तिथे ना झाड ना पक्षी. स्वस्त कॉफी पिणाऱ्यांनी (मीही त्यातच) हे लक्षात घ्यावं.

सावलीतल्या कॉफीला सर्टिफिकेटं आहेत की, असं कुणीतरी म्हणेलच. स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संस्थेच्या बर्ड फ्रेंडली सर्टिफिकेटला किमान 40 टक्के सावली आणि सेंद्रिय शेती लागते. चांगलंच आहे, पण कागद, तपासणी, कमी उत्पन्न हे सगळं शेतकऱ्याच्या डोक्यावर, आणि पिशवीवरचा पक्षी आपल्यासाठी.

कोडगूत अजून एक गंमत आहे. लांबून बघितलं तर बागा हिरव्याच दिसतात, कारण देशी झाडाच्या जागी सिल्वर ओक आलाय. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, सरळ वाढतो, मिरीचा वेल चढवायला सोयीचा, पटकन लाकूड देतो आणि मुख्य म्हणजे तोडायला परवानगीची कटकट नाही. शिसव मात्र वाढायला कित्येक दशकं घेतो आणि तोडायचा म्हटलं की सरकारी परवानगी. म्हणजे कायदा केला झाड वाचवायला, आणि बागायतदार शिकला काय, तर नवीन झाड वाढूच द्यायचं नाही. बागेत शिसवाचं रोप आपोआप उगवलं तर तुम्ही ठेवाल का ते? मी बागायतदाराच्या जागी असतो तर खुरपणीतच काढलं असतं.