लघवीची पिशवी फ्रेममधून का काढायची? (नेरूळच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची प्रतिक्रिया रविवारीच वाचली, पण तेव्हा लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं म्हणून दोन दिवस थांबलो. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी डेव्हिड होम्स या स्टंटमनवरच्या 2023 च्या डॉक्युमेंटरीबद्दल लिहिताना म्हटलं होतं की अशा फिल्मांना 'प्रेरणादायी' म्हणून मोकळं होऊ नका. त्यावर तुम्ही लिहिलंत की एवढ्या हसतमुख माणसाकडून काही शिकायचं सोडून मी रडगाणं शोधत बसलोय, आणि स्टंटवाल्यांना धोका माहीत असतो, पैसे त्याचेच मिळतात.

पहिल्याबद्दल आधी. ती फिल्म मला आवडली, आणि हे मागच्या वेळी मी नीट लिहिलं नाही ही माझी चूक. होम्स हा हॅरी पॉटरमध्ये डॅनियल रॅडक्लिफचा स्टंट डबल, जानेवारी 2009 मध्ये लीव्हस्डेन स्टुडिओत तालमीच्या वेळी हार्नेसने मागे खेचला गेला, भिंतीवर आदळला, मान मोडली. आणि फिल्म तिथून 'पडला, उठला, जिंकला' असं सरळ वर नेत नाही, वर्षं जातात तशी त्याच्या हातातली ताकदही कमी होत जाते हे आपल्याला बघायला लावते. स्टंट को-ऑर्डिनेटर ग्रेग पॉवेल कॅमेऱ्यासमोर बसतो तेव्हा त्या दिवसाचं ओझं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. माझं भांडण त्या माणसाच्या हसण्याशी नाहीच ताई. आपण बघणारे त्यातलं फक्त हसणं उचलतो आणि पुढच्या व्हिडिओवर जातो, त्याच्याशी आहे. स्टेला यंग नावाची ऑस्ट्रेलियन कॉमेडियन होती, स्वतः व्हीलचेअरवर, तिने 2014 मध्ये एका भाषणात हेच सांगितलं होतं की कितीही हसलं तरी त्याने जिन्याचा रॅम्प होत नाही.

आता दुसरा मुद्दा, जो मला खरा लागला.

माझा मामा फायटर होता, म्हणजे सिनेमातला स्टंटवाला. कळव्यात राहायचा, पहाटेची लोकल पकडून जायचा, फाइट मास्टरचा फोन आला की काम नाहीतर घरी. 1998 च्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला एका बंगल्यावर शूटिंग होतं, दुसऱ्या मजल्यावरून खाली बॉक्सवर पडायचं. बॉक्स म्हणजे पुठ्ठ्याची रिकामी खोकी, थरावर थर रचतात, वरून गाद्या, माणूस पडला की खोकी एकेक चुरगळत जातात, आतली हवा निघते आणि वेग मरतो. सगळा जीव त्या पुठ्ठ्याच्या कडकपणात असतो. रात्रभर खोकी बाहेर होती, खालचे थर ओलावले होते, ओला पुठ्ठा दाबला की सरळ बसतो, काही धरत नाही. मामाने हात लावून बघितलं आणि सांगितलंही, खालचे ओले आहेत. उत्तर आलं, लाइट चाललाय, एकच टेक. कमरेखाली सगळं गेलं.

म्हणजे धोका माहीत होता ताई, तुमचं बरोबर आहे. त्यालाच सगळ्यात जास्त माहीत होता. पण खोकी बदलायची का नाही हे ठरवायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता, आणि नाही म्हटलं तर पुढचा फोन दुसऱ्याला जाणार हेही त्याला माहीत होतं. पैसे उडीचे घेतले होते, ओल्या पुठ्ठ्याचे नाही. तेव्हाचा 1981 चा सिने-वर्कर्सचा कायदा लेखी करार मागायचा, मामाकडे आदल्या दिवसाचं एक व्हाउचर होतं. मालक कोण विचारलं तर प्रॉडक्शन मास्टरकडे बोट दाखवणार, मास्टर प्रॉडक्शनकडे. आता थोडं बदललंय, 2017 पासून अक्षय कुमारच्या पुढाकाराने स्टंटवाल्यांचा विमा आहे, जुलै 2025 मध्ये तामिळनाडूत कार उडवताना एक स्टंटमन गेला त्यानंतर बातमी आली की साडेसहाशेच्या आसपास लोक त्यात आहेत. चांगलंच आहे. पण हॉस्पिटलचं बिल भागलं म्हणजे पुढची वीस वर्षं भागत नाहीत.

तीच वीस वर्षं डॉक्युमेंटरीत दिसत नाहीत. एकदा मामाकडे पण आले होते काही जण कॅमेरा घेऊन. पोरं वाईट नव्हती, आपुलकीने बोलत होती. मामाला खिडकीकडे बघायला सांगितलं. मग हातात डंबेल दिले, म्हणाले उचला. मामा म्हणाला हे माझे नाहीत रे. मग एकाने खुर्चीला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीवर टॉवेल टाकला, फ्रेम खराब होते म्हणून, तेव्हा मात्र मामा चिडला. 'राहू दे ती. महिन्याला किती लागतात, कुठून आणतो, ते विचार की.' नाही विचारलं. बाथरूमचं दार व्हीलचेअरपेक्षा चार बोटं अरुंद होतं आणि मामी रोज त्याला पाटावर घेऊन ओढत आत न्यायची, तेही नाही.

आणि एक गोष्ट. असं बसून राहिलं की बेडसोर, म्हणजे दाबाने चिघळणाऱ्या जखमा होतात, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं असतं. मामा विसरायचा. मग मामीने ठरवलं, सकाळी कुकरची शिट्टी झाली की उचलायचं, दुपारी रेडिओवर जाहिराती लागल्या की उचलायचं, रात्री तर दर दोन तासांनी ती स्वतः उठून कूस बदलायची. शूटिंगच्या दिवशी त्या पोरांनी आवाज नको म्हणून गॅस बंद करायला सांगितला होता, पण तोवर एक शिट्टी होऊन गेली.

तुम्ही विचारलंत ना, मग तुम्हाला कशी डॉक्युमेंटरी हवी होती. मामा 2018 ला गेला. ती अकरा मिनिटांची फिल्म मामीच्या फोनमध्ये अजून आहे. मामी ती पुढे पुढे ढकलत एका जागी येते, मामा काहीतरी धीराचं बोलत असतो, मागे शिट्टी होते, आणि तो बोलता बोलता दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून स्वतःला उचलतो. पोरांना वाटलं असेल सावरून बसला, म्हणून राहून गेलं. मामी तेवढंच बघते आणि फोन ठेवते.