आमच्या ब्लॉकचे टक्के

सिंगापूरच्या सेंगकांगमधल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरावर आमचा जीव जडला होता. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, खाली चाफ्याचं झाड, विकणारं जोडपं म्हातारं, चिनी आणि गोड. किंमतही ठरत आली होती. मग एजंटने फोनवर ब्लॉकचा नंबर टाकला आणि तोंड वाकडं केलं. सरकारी घरांच्या त्या ब्लॉकमधली 'इंडियन/अदर्स'ची, म्हणजे भारतीय आणि इतरांची, ठरलेली मर्यादा भरली होती. विकणारे भारतीय असते तर चाललं असतं, कारण एक भारतीय गेला आणि एक आला की टक्का तोच राहतो. चिनी मालकाकडून आम्ही घेतलं असतं तर तो वाढला असता. आजींनी आम्हाला संत्री दिली आणि आम्ही निघालो.

त्या रात्री मला राग आला होता, पण नेमका कोणावर ते ठरवता येईना. हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या पार्ल्याच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. (पार्ले म्हणजे पूर्वेचं, हे पार्लेकरांना सांगावं लागत नाही.) इमारत पुनर्विकासाला चालली आहे आणि ग्रुपवर वाद पेटला आहे तो नव्या इमारतींत मराठी माणसासाठी ५० टक्के घरं राखीव ठेवण्याचा. पार्ल्यातूनच ही मागणी जोरात पुढे आली. २०२४ मध्ये आमदार अनिल परब यांनी त्यासाठी विधान परिषदेत अशासकीय विधेयकही आणलं. त्याआधी २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ घराघरांत पोचला होता. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'सिंगापूरमध्ये असा कायदा आहेच, विचारा आपल्या मुलीला.' मुलगी म्हणजे मी. वय बावन्न.

तर विचारलंत म्हणून सांगते. इथे तसा नियम आहे, पण तो तुम्ही समजताय तो नाही.

सिंगापूरची बहुतेक वस्ती सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहते. हे मंडळ, एचडीबी, १९६० साली स्थापन झालं. त्याआधी माणसं आपापल्या वाड्या-वस्त्यांत राहायची, मलायांचे कांपोंग वेगळे, चिन्यांचे वेगळे. १९६४ च्या जुलैत आणि सप्टेंबरात दोन्ही समाजांत दंगली झाल्या, ३६ माणसं मेली. पुढे सरकारने उंच ब्लॉक बांधून सगळ्यांना त्यांत हलवलं. पण फेरविक्री सुरू झाली तशी माणसं पुन्हा आपल्या-आपल्यांत गोळा व्हायला लागली. बेडोक-तांपिनीस भागात मलाय वाढले, हौगांगमध्ये चिनी. म्हणून मार्च १९८९ पासून प्रत्येक वसाहतीला आणि प्रत्येक ब्लॉकला वांशिक मर्यादा लागल्या. आज ब्लॉकमध्ये चिनी ८७ टक्क्यांपर्यंत, मलाय २५, भारतीय आणि इतर मिळून १५. (आमची मर्यादा आधी १३ होती, २०१० मध्ये वाढली.) त्यातच आमच्यासारख्या कायम रहिवासी परदेशी कुटुंबांसाठी वेगळी ८ टक्क्यांची मर्यादा आहे, मलेशियन सोडून.

हे आकडे नीट पाहिले की पार्ल्याच्या मागणीशी असलेला फरक डोळ्यात भरतो. इथे कोणासाठी काही राखीव नाही. प्रत्येकाला कमाल मर्यादा आहे, आणि सगळ्यात मोठ्या समाजालासुद्धा आहे. देशात तीन चतुर्थांश असूनही चिन्यांना अख्खा ब्लॉक आपला करता येत नाही. आपण मागतोय ते 'निदान इतके आमचे हवेत'. इथला कायदा म्हणतो 'कोणाचेच इतक्याहून जास्त नकोत'. पार्ल्यातल्या एखाद्या सोसायटीला उद्या कोणी सांगितलं की मराठी माणसं ८७ टक्क्यांवर गेली, आता पुढचा फ्लॅट मराठी माणसाला विकता येणार नाही, तर ग्रुपवर काय होईल ते मला डोळ्यांपुढे दिसतं.

आणि इथला 'इंडियन' रकाना म्हणजे एक मौजच आहे. त्यात तमिळ, मल्याळी, पंजाबी, गुजराती, बिहारी, मराठी तर आहेतच, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि श्रीलंकनही त्यातच. मुंबईत ज्या लोकांच्या नावाने आपण बोटं मोडतो त्यांच्याशीच आम्ही इथे एका पंधरा टक्क्यांच्या खोलीत दाटीवाटीने उभे आहोत. आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये जैन कुटुंब आलं तेव्हा एजंट म्हणाला, 'बॅड लक, लास्ट स्लॉट.' आमच्यापैकी कोण मांसाहारी आणि कोण शाकाहारी, याचं त्याला काही देणंघेणं नव्हतं.

नियमाची किंमतही मोजावी लागते, आणि ती बहुतेक अल्पसंख्यच मोजतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक तमिळ काका तीस वर्षांचं घर विकायला निघाले. त्या ब्लॉकमधली चिनी मर्यादा भरलेली, म्हणजे चिनी गिऱ्हाईक बंद. उरले मलाय आणि भारतीय. गिऱ्हाईकच मोजके असल्यावर भाव पाडून मागणारे भेटतात. काका महिनोनमहिने अडकून होते. इथल्या संसदेतही या तक्रारी अनेकदा आल्या, विरोधी पक्षाने तर नियमच काढून टाकायची मागणी केली. २०२२ पासून अगदीच अडकलेल्यांचं घर मंडळ स्वतः विकत घेऊ शकतं. भाव मात्र मंडळाने ठरवलेला. काका म्हणाले, 'सलोख्याचं बिल माझ्या नावावर फाडलंय.'

नियमाने टक्के जुळतात, मनं जुळतातच असं नाही. आता राहतो तो ब्लॉक मिळण्याआधी आम्ही भाड्याने घर शोधत होतो, तेव्हा एजंटचा पहिला प्रश्न 'यू इंडियन?' असायचा. भाड्याच्या जाहिरातींत 'नो इंडियन्स, नो हेवी कुकिंग' असं सरळ छापलेलं मी पाहिलं आहे. मुंबईत आमच्या बोंबलांना जे ऐकावं लागतं ते इथे आमच्या फोडणीला. २०११ मध्ये इथे एक प्रकरण गाजलं. चीनमधून आलेल्या एका कुटुंबाने शेजारच्या भारतीय घरातल्या करीच्या वासाची तक्रार केली होती, आणि मध्यस्थीत असं ठरलं होतं की चिनी कुटुंब घरी नसेल तेव्हाच करी शिजवायची. बातमी बाहेर आल्यावर संतापलेल्या सिंगापूरकरांनी, त्यांत चिनीही पुष्कळ, ऑगस्टमधला एक रविवार धरून घरोघर करी शिजवली. आमच्याकडे ज्येष्ठांना ही गोष्ट सांगितली की ते हसतात. मला प्रत्येक वेळी वाटतं, दादर-मुलुंडला असा एक बोंबील-रविवार कोणी करेल का, आणि त्यात गुजराती शेजारी येतील का.

आता आपल्याकडच्या कायद्याबद्दल. वांशिक मर्यादा राबवता येतात त्या घर सरकारने बांधलं म्हणून. इथेही खाजगी काँडोमिनियमना त्या लागत नाहीत. आपल्याकडे त्यातल्या त्यात जवळची गोष्ट म्हणजे म्हाडाची सोडत. अधिवासाचा दाखला लागतो, अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार असे गट ठरलेले असतात, आणि शेजारी कोण येणार ते नशीब ठरवतं. बाकी खाजगी सोसायट्यांचं म्हणाल तर १५ एप्रिल २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात निकाल दिला की सोसायटी आपल्या उपविधीने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. संविधानाचं १५ वं कलम सरकारला बांधतं, सोसायटीच्या चिटणीसाला नाही. घर नाकारणाऱ्याला शिक्षा करणारा सरळ, जात-धर्म-भाषा-आहार सगळ्यांना धरणारा कायदा आपल्याकडे नाही. माझं मत विचाराल तर मागणी तिथून सुरू व्हायला हवी होती, ५० टक्क्यांपासून नाही.

मराठी टक्का घसरतोय ही भीती खोटी नाही. २००१ च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४५ लाख होते, २०११ मध्ये ४४ लाख. त्याच दहा वर्षांत हिंदी सांगणारे २६ लाखांवरून ३६ लाखांवर गेले. पण ती घसरण चिटणीसाच्या नकारामुळे किती आणि वसई-विरार, डोंबिवली, बदलापूरच्या स्वस्त घरांमुळे किती? माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली त्या वाटेने गेल्या. त्यांना पार्ल्यात कोणी नाकारलं नव्हतं, भाव परवडला नव्हता. भाव तोच राहिला तर निम्मी घरं राखून ठेवली काय आणि सगळी ठेवली काय.

एक आठवण ग्रुपवर लिहिली नाही, ती इथे लिहिते. बाबा बरीच वर्षं आमच्या सोसायटीचे चिटणीस होते. १९९० च्या सुमारास त्यांच्या बँकेतला एक सहकारी दुसऱ्या मजल्यावरचा रिकामा झालेला फ्लॅट बघायला आला. मुसलमान. बाबांचा चांगला मित्र, आमच्याकडे जेवायला येणारा. समितीची बैठक झाली. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, 'सभासदांना अवघड वाटेल.' तो फ्लॅट एका रत्नागिरीकराने घेतला. ते बँकेतले काका त्यानंतरही दिवाळीला यायचे, फराळ करायचे, कधी विषय काढला नाही. सेंगकांगच्या आजींकडून निघताना मला ते आठवले. आम्हाला नकार देणाऱ्याला आमचं आडनावही माहीत नव्हतं. त्यांना देणाऱ्याने त्यांच्या ताटात वाढलं होतं.

परवा दादाचा फोन आला. सोसायटी बिल्डरला पत्र देणार आहे, मसुदा तयार आहे, तुझ्या सिंगापूरचा दाखला टाकू का म्हणाला. मी विचारलं, जुने सभासद सोडून विक्रीची घरं किती? वीस. म्हणजे दहा मराठी माणसांना. आणि उरलेल्या दहांत मुसलमान आला तर? दादा जरा थांबला. मग म्हणाला, 'ते बिल्डर बघेल गं.'