काम येतंय? मग ते आधी झाकून ठेवा

आपल्याला काम येतं, तेवढं नोकरीला पुरेल, ही भाबडी समजूत आधी काढून टाका. काम पुष्कळांना येतं. तुमचं आहे ते झाकून ठेवा, नोकरी लागल्यावर कधीतरी उपयोगी पडेल. तोवर लिंक्डइनवर खातं उघडा. ही साइट २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती २६.२ अब्ज डॉलर मोजून घेतली. एवढे पैसे कोणी खरं बोलायच्या जागेसाठी मोजत नाही.

नावाखालच्या ओळीत २२० अक्षरांची मुभा असते. तिथे नुसतं ‘हिशेबनीस’ लिहून मोकळे झालात तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच. ‘आकड्यांचा कथाकार | परिवर्तनाचा वाटाड्या | आजन्म विद्यार्थी’ असं लिहा. मधल्या उभ्या रेघा महत्त्वाच्या आहेत. माणूस जितका मोठा, तितक्या रेघा जास्त. सध्या घरी बसला असाल तर ‘स्वतंत्र सल्लागार’. फोटोत हाताची घडी, मान किंचित तिरकी आणि नजर भविष्याकडे. (भविष्य बहुधा ट्यूबलाइटच्या बाजूला असतं.)

मग ओळखी. दिसेल त्याला जोडून घ्या, पण पाचशेपर्यंतच जीव काढा. त्यापुढे प्रोफाइलवर ‘५००+’ एवढंच दिसतं. ५०१ वाला आणि पाच हजारवाला एका पंगतीत.

रोज एक पोस्ट पडलीच पाहिजे. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्या आणि मधे भरपूर मोकळी जागा सोडा, म्हणजे मजकूर नाही हे लक्षात येत नाही. विषयांना तोटा नाही. मूल सायकलवरून पडलं? आधी त्यातून नेतृत्वाचे पाच धडे काढा, गुडघ्याला औषध नंतर लावता येईल.

बायोडेटाच्या बाबतीत मात्र आदर्श ठेवावा तो लिओनार्दो दा विंचीचा. साधारण १४८२ च्या सुमाराला त्याने मिलानचे सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यांना नोकरीसाठी पत्र लिहिलं. त्यात उचलून नेता येणारे पूल, तोफा, शत्रूच्या फळीत घुसणारे झाकलेले रथ असं सगळं मुद्देसूद मांडलं आणि चित्रं काढता येतात हे अगदी शेवटी, जाता जाता सांगितलं. याला म्हणतात जाहिरातीबरहुकूम अर्ज! पुढे त्याच मिलानमध्ये त्याच्या हातून झालं ते ‘द लास्ट सपर’ हे चित्र. तोफाही झाल्या म्हणा, पण त्याच्या घोड्याच्या पुतळ्यासाठी राखून ठेवलेलं ब्राँझ १४९४ मध्ये तोफांसाठी धाडून दिल्यामुळे.

लिओनार्दोचं पत्र निदान माणसाने वाचलं असेल. तुमचा बायोडेटा बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर चाळतं. म्हणून काही चतुर लोक जाहिरातीतले शब्द पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत भरून ठेवतात, यंत्राला दिसतील आणि साहेबाला नाही अशा बेताने. जरूर करा. यंत्र मजकुराचा रंग काढून सगळं साध्या अक्षरांत साहेबापुढे ठेवतं, तेव्हा ‘नेतृत्व नेतृत्व नेतृत्व नेतृत्व’ हा जप वाचून त्यांचाही दिवस बरा जातो.

आता मुलाखत. प्रत्येक अनुभव प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम या चार घासांत भरवायचा, असं शिकवतात. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला असेल तर म्हणा, ‘विभागाचं कामकाज ठप्प झालेलं असताना मी पुढाकार घेऊन संवेदनशील यंत्रणेत हस्तक्षेप केला आणि दस्तऐवजांचा ओघ १०० टक्के पूर्ववत केला.’ कागद मुळात तुम्हीच वाकडा घातला होता, हे पाचव्या घासात येतं आणि घास चारच आहेत.

माहीत नसलेलं माहीत नाही म्हणून सांगायचा मोह मात्र आवरा. १९२१ मध्ये एडिसन उमेदवारांची जवळपास दीडशे प्रश्नांची परीक्षा घेत असे. त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न कोणीतरी आइन्स्टाइनला विचारला. पुस्तकात सहज सापडणारी माहिती मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. तुम्ही देऊ नका. आइन्स्टाइनला नोकरी होती.

‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ याला ‘तुमच्या खुर्चीत’ असं चुकूनही म्हणू नका. ‘संस्थेबरोबर वाढताना’ म्हणा. आणि ‘तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?’ असं विचारलं की दोन क्षण थांबा, खाली बघा, एक सुस्कारा सोडा आणि लाजत लाजत कबूल करा, ‘मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे.’ सुस्काऱ्याचा सराव आरशासमोर करावा. मी केला होता. पहिल्या मुलाखतीत तो इतका लांबला की समोरच्या बाईंनी पाणी मागवलं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात. पगार किती आणि घरी किती वाजता सोडता, हे दोनच प्रश्न तुमच्या पोटात असतात. ते तिथेच राहू द्या आणि कार्यसंस्कृतीविषयी विचारा. समोरचेही काय ते सांगतीलच.

हे सगळं जमलं की नोकरी लागते. मग पाचेक वर्षांत तुम्ही खरोखरच त्या खुर्चीत बसता, समोर एक पोरगेलासा उमेदवार असतो आणि तुम्ही त्याला त्याचा दोष विचारता. तो दोन क्षण थांबतो, खाली बघतो, सुस्कारा सोडतो. त्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत तुम्ही समोरच्या कागदावर लिहून टाकलेलं असतं : ‘आत्मपरीक्षण उत्तम.’