उप्पिटातली मोहरी

काल संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर अभ्यानं भडंगाची पुडी फोडली आणि पहिला हात संत्याचा गेला. मी त्याचं मनगट धरलं. वादाला सुरुवात तिथून झाली.

संत्याची खालची उजवी अक्कलदाढ सोमवारी काढली. काल गुरुवार.

"चार दिवस पेज पितोय लेका. आता दुखतबी नाही. मग?"

"दुखत नाही म्हणजे बरं झालं," अभ्या म्हणाला. "माझ्या आज्ज्यानं दाढ काढली त्याच रात्री भाकरी खाल्ली होती."

हे 'दुखत नाही'च मला फसवून गेलं होतं, म्हणून मी हट्टाला पेटलो. दाढ निघाली की खड्डा राहतो, त्यात रक्त गोठून गुठळी होते. ती गुठळी म्हणजे खालच्या हाडावरचं झाकण. ते निघालं की हाड उघडं पडतं. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार दिवसांतच होतं. माझ्या वेळी तिसऱ्या दिवशी अशाच पुडीतला शेंगदाण्याचा तुकडा खड्ड्यात बसला. तो निघावा म्हणून मी जोरजोरात चुळा भरल्या. रात्री कानापर्यंत कळा गेल्या, गोळीनं काही फरक पडेना. सकाळी डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगेच्या वासाची औषधी पट्टी आत ठेवली, तेव्हा कुठं डोळा लागला.

"तुला झालं म्हणून सगळ्यांना होतंय व्हय?" अभ्या.

हे खरं आहे. बहुतेकांना होत नाही. पण खालच्या अक्कलदाढेला धोका जास्त, आणि सिगरेट ओढणाऱ्याला त्याहून जास्त. संत्या दिवसाला चार ओढतो. या चार दिवसांत ओढलीस का, असं विचारलं तर तो पाण्याकडं बघायला लागला. मला खरंच राग आला. स्ट्रॉनं ताक पिऊ नकोस म्हणून मी त्याला सोमवारीच सांगितलं होतं. ओढण्याचा जोर गुठळीवर येतो, मग ते ताक असो नाहीतर धूर.

एवढा वेळ गप्प बसलेले मोहनकाका बोलले. "तुम्ही त्याला उपाशी मारणार. मला शुगर. मागं दात काढला त्या दिवशी गोळी घेतली आणि दुखतंय म्हणून जेवलो नाही. दुपारी दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. बायकोनं साखरपाणी दिलं म्हणून उठलो."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. जखम भरायला पोटात अन्न लागतं, नुसत्या पेजेवर माणूस किती दिवस काढणार? मऊ भात, तूप, मेतकूट, घट्ट वरण, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, कुस्करलेलं अंडं, दही. पहिले एक-दोन दिवस सगळं गार नाहीतर कोमट. पांढरा रस्साही कोमट करून, गाळून चालेल. तांबडा मात्र नको, तिखट जखमेला झोंबतं.

"आई उप्पीट देऊ का म्हणत्या. मऊ असतंय," संत्या म्हणाला.

आणि इथंच सगळे चुकतात असं मला वाटतं. आपण मऊ का कडक एवढंच बघतो. उप्पीट मऊ, पण त्यातली मोहरी? राजगिऱ्याचा लाडू दुधात विरघळतो, त्याचे दाणे नाही विरघळत. तीळ, खसखस, दाण्याचा कूट, पोह्यातली मोहरी, हे नेमकं खड्ड्यात जाऊन बसतं. त्यापेक्षा वरणात कुस्करलेली पोळी दुसऱ्या बाजूनं चावून खाल्लेली बरी. अडकलंच तर काडी घालायची नाही. कोमट मिठाचं पाणी तोंडात धरून मान हळूच कलती करायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचं. तेही दाढ काढल्यावर चोवीस तास गेल्यानंतर.

"मग भाकरी कधी?"

"तोंडात तीन बोटं उभी मावतात का बघ."

त्यानं बघितलं. दोन मावली.

तिथंच उत्तर मिळालं. जबडा अजून आखडलेला आहे. सोमवारी टाके काढायचे आहेत. तेव्हा डॉक्टर खड्डा बघतील, त्यांना विचारून पोळीवरून भाकरीवर यायचं. भडंग, चकली, भाजलेलं कणीस सगळ्यात शेवटी. हिरडी वरून मिटायलाच दोन-तीन आठवडे जातात, आतलं हाड भरायला काही महिने. आणि कमी झालेलं दुखणं मध्येच वाढायला लागलं, तर सोमवारची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा.

अभ्याचं शेवटपर्यंत पटलं नाही. "आज्ज्याला काय झालं नाही," हे त्यानं दोनदा सांगितलं. पण पुडीला रबर लावून ती त्यानं गाडीच्या डिकीत टाकली. संत्यानं घरी फोन लावला. "आई, उद्या उप्पीट कर, पण मोहरी घालू नको."