नारळ काढून ठेवा, नोटा राहू द्या

अंबाबाईच्या प्रसादाचा नारळ हातातल्या पिशवीत घालून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर गेलात, तर तो सिक्युरिटीतच राहतो. कांदा-लसूण चटणीचा पुडाही राहतो, कारण मिरचीची पूड केबिनमध्ये चालत नाही. मुंबईच्या लेकीसाठी घेतलेल्या विळीचं तर नावच काढू नका. पण नोटा? देशातल्या देशात विमानानं जाताना जवळ किती रोकड ठेवावी, याला कायद्यात वरची मर्यादाच नाही. ते पंचवीस हजारांचं जे कट्ट्यावर कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ते देशाबाहेर जाणाऱ्यांसाठी. मुंबई कितीही परकी वाटली तरी कायदा तिला आपल्यातच धरतो.

तेव्हा बिनधास्त न्या. फक्त न्यायची रीत आमच्याकडून शिकून घ्या. आमचे दाजी मध्यंतरी चोवीस लाख घेऊन निघाले होते. त्यांचा अनुभव घरातच कुजून जाऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट, बँकेचं तोंड बघू नका. डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास, रविवारीसुद्धा चालतं. दोन लाखांपासून पुढे हवी तेवढी रक्कम पाठवा, चहा निवेपर्यंत समोरच्याच्या खात्यात. यात कसला आलाय पुरुषार्थ? घाम नाही, धडधड नाही, बॅगेवर हात ठेवून बसणं नाही. शिवाय दाजींचं म्हणणं, "ऑनलाइन गेलं की दिसतंय." बरोबरच आहे. बँकेतल्या एका कारकुनाला दिसू नयेत म्हणून दाजींनी ते पैसे क्ष-किरणांच्या यंत्रातून न्यायचं ठरवलं.

महालक्ष्मी एक्सप्रेस होती, ट्रॅव्हल्स होत्या. पण रात्रभर बॅग उशाला घेऊन झोप लागत नाही आणि बायको म्हणते घोरताय. विमानात तासाभरात काम होतं.

आता वजनाचं बघा. पाचशेची नोट सव्वा ग्रॅमच्या थोडी आतच भरते. एक लाख म्हणजे दोनशे नोटा, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाव किलो फरसाणाला जेवढी पिशवी लागते तेवढी. एक कोट म्हणजे तेवीस किलो. हातातल्या सामानाला विमानात सात किलो सोडतात. त्यात बॅगेचं स्वतःचं पाऊण किलो धरा, वरून दोन शर्ट आणि टॉवेल, कारण नोटांवर काहीतरी पांघरायला हवंच. हिशेब करून दाजी चोवीस लाखांवर थांबले. साडेपाच किलो. एवढा काटेकोर हिशेब त्यांनी आयुष्यात कधी कुठल्या वहीत मांडला नव्हता. मांडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, ही गोष्ट वेगळी. दोन हजाराची गुलाबी नोट होती तेव्हा हेच काम सव्वा-दीड किलोत झालं असतं. मे २०२३ मध्ये ती चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं, तेव्हा अर्थतज्ज्ञांनी पानंच्या पानं लिहिली. केबिन बॅगेच्या वजनाबद्दल एकानंही शब्द काढला नाही.

वजन जास्त होतंय म्हणून काही हुशार मंडळी चेक-इन बॅगेत भरतात. जरूर भरा. विमान कंपन्या आपल्या अटींमध्ये स्पष्ट सांगतात की चेक-इन सामानात पैसे, दागिने ठेवू नका, गेले तर आम्ही जबाबदार नाही. त्या अटी वाचायला वेळ कुणाला असतो? आणि ती बॅगही यंत्रातून जातेच, फक्त तेव्हा तुम्ही शेजारी नसता. म्हणजे लाज वाटायचं टळतं.

लपवायची जागा हा खरा कोल्हापुरी डोक्याचा विषय. आमच्या गल्लीतलं एकमत असं होतं की गुळाच्या ढेपेत पोकळी करून नोटा ठेवायच्या, यंत्राला काय कळतंय! यंत्राला खरंच नोटा आणि गूळ यांतलं फारसं कळत नाही. पडद्यावर धातू निळा दिसतो आणि कागद, साबण, गूळ, चॉकलेट असल्या वस्तू नारिंगी. नोटांची बंडलं म्हणजे नारिंगी विटा. अडचण एवढीच की बहुतेक स्फोटकंही नारिंगीच दिसतात. पडद्यापुढे बसलेल्या माणसाला जे शोधायला शिकवलेलं असतं, नेमकं ते चित्र तुम्ही साडेपाच किलोचं करून त्याच्या पुढ्यात सरकवता. तो पट्टा थांबवतो. बॅग बाजूला घेतो. उघडल्यावर आत बॉम्ब नसून चोवीस लाख आहेत हे बघून त्याचा जीव भांड्यात पडतो. तुमचा मात्र भांड्यातून बाहेर.

इथे घाबरू नका. सिक्युरिटीवाले तुमचे पैसे घेत नाहीत. त्यांचं काम विमान वाचवायचं, कर गोळा करायचं नव्हे. ते फक्त आयकर खात्याला कळवतात आणि तुम्हाला बसायला खुर्ची देतात. मोठ्या विमानतळांवर आयकरवाल्यांचं खास एअर इंटेलिजन्स युनिट असतं. आपल्याकडे साहेब गावातून यायचे, मग थोडा वेळ मिळतो. त्या वेळात दाजींचं विमान उडालं. काचेतून त्यांनी ते बघितलं. १९३९ साली राजाराम महाराजांनी हा विमानतळ उभा केला, २०२४ साली नवी टर्मिनल इमारत झाली. आतून एवढी ऐसपैस आहे, हे दाजींना त्या दिवशीच नीट कळलं.

पण खरं संकट आयकराचं नव्हे. मुंबईत, दिल्लीत बॅग उघडली तर मागे उभी असलेली दोनशे माणसं तुम्हाला ओळखत नाहीत. कोल्हापूरच्या विमानात माणसं मोजकी, आणि त्यातला एक तुमच्या सुनेचा मामा, एक फौंड्रीवाला, एक तुमच्याच तालमीतला, आणि एक जण असा, की ज्याला तुम्ही परवाच "सध्या हात लई तंग आहे भावा" म्हणून पन्नास हजार नाकारलेत. बॅगेची चेन उघडते आणि ते सगळे एकाच वेळी मोबाइलमध्ये डोकं घालतात. बोर्डिंगच्या आधी बातमी गावातल्या पापाच्या तिकटीवर पोचलेली असते, तीही चोवीसची चौऱ्याऐंशी होऊन.

तर मग साहेब येतात आणि विचारतात. पैसे कुणाचे? आले कुठून? चालले कुठे? कशासाठी? पॅन आहे? रिटर्न भरता? एवढंच. तुमच्याकडे बँकेतून काढल्याची नोंद असेल, दुकानाचं कॅशबुक असेल, मालकानं पाठवलं असेल तर त्याचं पत्र असेल, तर कागद दाखवून पुढच्या विमानानं जाता येतं. म्हणून आमचा सल्ला, असलं काही जवळ बाळगू नका. कागद बघितला की माणसाला वाटतं, याला आधीच माहीत होतं आपल्याला धरणार. कोल्हापूरचा माणूस शब्दावर चालतो.

दाजींनी शब्द दिला. पहिला शब्द, "उसाचं बिल." शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. साहेबांनी विचारलं, "कुठला कारखाना? बिल तर खात्यावर जमा होतं, पासबुक दाखवा." सातबाराही दाखवा म्हणाले. दाजींच्या नावावर राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे आणि गॅलरीत कढीपत्ता.

दुसरा शब्द, "म्हशी विकल्या." चोवीस लाखांच्या म्हशी म्हणजे अख्खा गोठा. साहेबांनी तिसरा मजला लिहून घेतला होताच. ते काही बोलले नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं.

तिसरा शब्द, "मेहुण्याचे आहेत."

मेहुणा म्हणजे मी. मी तेव्हा मिसळीवर कट मागत होतो. फोन आला. पलीकडून अतिशय अदबीनं प्रश्न, "चोवीस लाख रुपये आपले आहेत का?" आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला हा प्रश्न विचारत होतं आणि एक क्षण, खोटं कशाला सांगू, हो म्हणावंसं वाटलं. पण शेवटी म्हणालो, "साहेब, माझे असते तर मी दाजींच्या हातात दिले असते होय?" पलीकडे खुर्ची करकरल्याचा आवाज आला. ताई अजून माझ्याशी बोलत नाही.

खरी गोष्ट अशी होती की मुलासाठी ठाण्याला फ्लॅट बघितला होता आणि तिथं "थोडं रोख" सांगितलं होतं. पैसे व्याह्यांकडून उसने घेतले होते, विश्वासावर. यात वावगं काय? एवढंच, की कर्ज असो की घराचा इसारा, वीस हजार किंवा त्यापुढची रक्कम रोखीनं घेता येत नाही. आणि १ एप्रिल २०१७ पासून कसल्याही कारणानं एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. आज एक लाख नव्वद, उद्या एक लाख नव्वद असे तुकडे पाडायचं डोकं लढवाल, तर व्यवहार एकच किंवा कार्य एकच असलं की सगळे तुकडे गोळा करून मोजतात. घेतली तेवढीच रक्कम दंड. पण गंमत ऐका, हा दंड घेणाऱ्यावर. देणाऱ्यावर नव्हे! आपल्याकडे ईर्षेपायी माणसं काय काय करतात. एखाद्याचा खरंच काटा काढायचा असेल, तर त्याला प्रेमानं दहा लाख रोख द्या, पावती मागा, आणि गप्प बसा.

या हिशेबानं सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे बालाजी. भृगूनं लाथ मारली, लक्ष्मी रुसून निघाली ती आपल्या करवीरात येऊन बसली. मागे पद्मावतीशी लग्न करायला हा माणूस रिकाम्या हातानं उरला, म्हणून कुबेराकडून कर्ज काढलं. रोखीनं, वीस हजारांच्या कितीतरी वर, शिवाय एकाच कार्यासाठी. व्याज अजून फिटतंय म्हणतात, त्यात दंडाची भर पडली तर भाविकांनी करायचं काय? कोल्हापूरहून तिरुपतीला विमान सुरू झालं तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता दोघांतलं मिटेल. दाजींचं तर्कशास्त्र याहून साधं. लक्ष्मी स्वतःच्या पायानं, रुसून का होईना, कोल्हापुरात आली. आणि हे तिला टॉवेलखाली कोंबून ठाण्याला नेत होते.

निवडणुकीचे दिवस असतील तर मात्र आमचे सगळे सल्ले मागे. आचारसंहितेत पन्नास हजारांच्या वर रोकड दिसली आणि कागद नसला की किणी नाका काय, कोगनोळी काय, भरारी पथक गाडी बाजूला घेतं. दहा लाखांच्या वर असेल तर आयकराला फोन ठरलेलाच. त्या दिवसांत लग्नाचा बस्ता बांधायला निघालेला बापसुद्धा उमेदवारासारखा दिसतो. एरवी बापासारखा वागणारा उमेदवार आपल्याला चालतो.

शेवटचा भाग मोजणीचा. याबद्दल लोक उगाच नाराजीनं बोलतात. टेबल मांडतात, पंच बोलावतात, नोटा मोजायचं यंत्र लावतात. बँकेत एवढ्या नोटा मोजून घ्यायच्या तर रोखपाल तोंड वाकडं करतो. इथे सरकार फुकट मोजून देतं, पंचनाम्यात लिहून देतं, प्रत देतं. पैसे लगेच मिळत नाहीत हे खरं. स्रोत सिद्ध करायचा, मुदतीत अर्ज करायचा, सीएला फी द्यायची, तारखांना जायचं. तोवर तुमच्या हातात नारळ, जो सकाळी सिक्युरिटीनं काढून घेतला होता.

दाजी तोपर्यंत सावरले होते. चहा झाला होता. यंत्र फडफडत होतं, बंडलामागून बंडल. संपल्यावर साहेबांनी आकडा वाचला, "तेवीस लाख ब्याण्णव हजार पाचशे."

दाजी ताडकन उठले. साडेसात हजार कमी. पंधरा नोटा. दोन तासांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा लाल झाला.

"साहेब, परत मोजा."

परत मोजले. तेवढेच.

"कुणी दिले होते मोजून?" साहेबांनी सहज विचारलं, पेन उचलून.

दाजींनी तोंड उघडलं, पंचांकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. व्याह्यांचं नाव ओठांवर येऊन थांबलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "मेहुण्यानं."