उन्हासाठीचे भांडण

रविवारी मुंबईला फोन लावला की परळचे मामा लोअर परळच्या मॉलवर घसरतात. उमेदीची वर्षे गिरणीत काढलेल्या त्यांना, फिनिक्स मिलची तेवढी चिमणी शाबूत ठेवून भोवती थाटलेली चकचकीत दुकाने सलतात. त्यांच्या मुलाचे म्हणणे असे, की १९८२ च्या संपानंतर गिरण्या उठल्याच होत्या, मग तिथे काय नुसती कुलपे गंजू द्यायची होती? दोघेही साक्षीला मलाच बोलावतात, कारण मी टोरांटोत राहतो आणि शहराच्या ऐन मध्यावर ईटन सेंटर हा भलाथोरला मॉल आहे.

माझी साक्ष दोघांनाही फारशी सोयीची नाही. काचेच्या कमानदार छपराचा हा मॉल १९७७ मध्ये उघडला. त्याआधी, १९६० च्या दशकातील पहिल्या आराखड्यात जुन्या सिटी हॉलचा घड्याळाचा मनोरा राखून बाकी इमारत पाडायची होती आणि १८४७ मधील होली ट्रिनिटी चर्चही हटवायचे होते. लोक भांडले, आराखडा बारगळला. पुढच्या आराखड्याच्या वेळी चर्चच्या मंडळींनी नुसत्या भिंती वाचवून समाधान मानले नाही. आपल्याकडे येणारे ऊन अडता कामा नये असा हट्ट त्यांनी धरला आणि बांधकामाला त्याप्रमाणे मुरड घालावी लागली. उन्हासाठी भांडण म्हटल्यावर मामा हसले, परंतु उणे पंधरा अंशांतले हिवाळे काढलेल्या माणसाला त्याचे मोल कळते.

मॉलच्या छपराखाली मायकेल स्नो यांनी घडवलेले साठ रानहंस उतरत्या थव्यात टांगलेले आहेत. १९८१ च्या नाताळात व्यवस्थापनाने त्यांच्या गळ्यांत लाल फिती बांधल्या, तेव्हा शिल्पकार न्यायालयात गेले आणि फिती सोडाव्या लागल्या. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवरही मालकाची मनमानी चालत नाही, हे मला त्या हंसांकडे पाहताना दर वेळी आठवते.

मुंबईतही मालकाच्या हक्काला अट होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, म्हणजे शेडखालची जमीन हिशेबातून निसटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. म्हणून माझा राग मॉलवर नाही, त्या दुरुस्तीवर आहे.

इथलेही सगळे गोड नाही. थंडीत बाकांवर विसावलेल्या निवृत्त मंडळींना ही चावडी वाटते खरी, पण जागा खाजगी आहे आणि रखवालदार ते विसरू देत नाही. ज्यांचे नाव मॉलला आहे ते ईटनचे दुकान १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेले. गिरणी गेली तरी फिनिक्स हे नाव राहिले, तसेच हेही.

हे ऐकल्यावर मामांनी विचारले, “मग ईटनच्या कामगारांना घरे मिळाली का?” घरे त्यांना कुणी कबूलच केली नव्हती, असे मी म्हणालो.

“आम्हाला केली होती,” मामा म्हणाले आणि त्यांनी फोन मुलाच्या हाती दिला.